गाळणीच्या पलीकडचा चमचा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ही वही डॉक्टरच्या हुकमाने आणलेली. मे महिन्यात ह्यांना झटका आला, उजवा हात गेला, बोलणे गेले. तेव्हापासून रोज लिहायचे: गोळ्या दिल्या का, जेवले किती, आणि ‘आज स्वतःहून काय केले’. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला डॉक्टरने या वयात लिहायला बसवले. चार महिने मी तीन ओळींच्या वर गेले नाही. आज जाणार. आज पोटात मावत नाही.

गाडी आली! काल दसऱ्याला दारात उभी राहिली. सात माणसांची, पेट्रोलची, पांढरी. जुनी आहे पण पत्रा सडलेला नाही. गोव्याहून मी स्वतः चालवत आणली, बांद्यापासून आमच्या वायरी गावापर्यंत एकदाही बंद पाडली नाही. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. ह्यांचा पुतण्या धनेश आला आणि दात काढून हसला.

"काकी, गाडी तू चालवतलंस? मगे पावणे पोहानच येतले."

"तुझ्याच टेम्पोवर शिकलंय रे मेल्या. बाजाराच्या दिवशी तू मागे घोरत पडायचंस, तेव्हा टेम्पो कोण चालवत होता? तुझो आजो?"

 बारा वर्षे सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन मी याच्या टेम्पोची वाट बघत रस्त्यावर उभी राहिले. मे महिन्यात हे अंगणात पडले तेव्हाही त्याचीच वाट बघितली. टेम्पो कणकवलीला होता. दुसरी गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. डॉक्टर म्हणाला, लवकर आणायला हवे होते. त्याच दिवशी मी मनात म्हटले, बास.

कामपण ठरले आहे. तारकर्लीच्या रश्मीकडे पाहुण्यांच्या खोल्या आहेत. कुडाळ स्टेशनवरून तिचे पाहुणे आणायचे आणि पोचवायचे, अख्खा हंगाम. अट एकच. १७ तारखेपर्यंत ओरोसच्या आरटीओत गाडी पास झाली पाहिजे, कारण १९ ला पहिली माणसे उतरणार. नाही झाली तर काम धनेशला. रश्मीने हे तोंडावर सांगितले. मला तशीच माणसे बरी वाटतात.

एक भानगड मात्र निघाली. गुरुदास गाडीखाली शिरला. हा दांडीच्या किनाऱ्यावर मच्छीमार बोटींचे सायलेन्सर बनवतो, त्याच्यासारखे वेल्डिंग मालवणात कोणाचे नाही. त्याने खालून टकटक केले आणि म्हणाला, "वयनी, डबो रिकामो."

सायलेन्सरच्या वाटेत धूर गाळायचा एक डबा असतो, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. आतली जाळी आधीच्या मालकाने काढून विकून खाल्ली. मी त्याला फोनवर काय बोलले ते इथे लिहीत नाही, ही वही डॉक्टर वाचतो. कंपनीचा डबा यायला महिना लागेल, म्हणून बाहेरच्या बनावटीचा कोल्हापुरातून मागवला.

हे: गोळ्या दिल्या. भात अर्धा. स्वतःहून काय केले: काही नाही. दारात बसून गाडी बघितली.

५ ऑक्टोबर, रविवार

डबा सकाळच्या एसटीने आला. लगेच दांडीवर गेले. ह्यांना घरी एकटे ठेवता येत नाही, म्हणून खुर्ची गाडीत टाकून सोबत नेले. गुरुदासच्या शेडमध्ये सावलीला बसवले.

जुन्या डब्याला दोन सेन्सर होते, बोटाएवढे, शेपटीला वायर. ते धुराचा वास घेतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतात. नवीन डबा जुन्यापेक्षा लांब, आणि त्याला दुसऱ्या सेन्सरचे भोकच नाही. वायरही पुरेना. मी म्हटले, आता? गुरुदासने कान खाजवला, थोडा विचार केला आणि कामाला लागला. भोक पाडले, कडे वेल्ड केले. दुपारी जेवायच्या आत गाडी चालू.

"दोनय सेन्सर इंजिनाच्या बाजूक घेतलंय, वयनी. मागल्या तोंडातसून खारां पाणी आत येता. मागे ठेवलंय तर म्हयन्याभरात सडतले. बोटीक आमी मागच्या बाजूक कायएक लावणव नाय."

मला पटले. बोटीच्या माणसाला खाऱ्या पाण्याची जेवढी अक्कल, तेवढी शोरूमवाल्याला कुठली? मी त्याला तसे बोललेसुद्धा. फुगला.

आवाज काय सुंदर येतो आता! आधी डबडे वाजल्यासारखा येत होता. आता मांजर घुरघुरते तसा.

हे: दोन गोळ्या. गुरुदासकडे डाव्या हाताने खुर्चीवर सारखे आपटत होते. तोंडाने बा बा. लघवीला लागली म्हणून दोनदा उठवले. लागली नव्हती. दोन्ही वेळा माझ्यावर डोळे वटारले. स्वतःहून काय केले: आपटाआपट.

६ ऑक्टोबर, सोमवार

ह्यांना पुढच्या सीटवर बसवून आचऱ्यावरून कुणकेश्वरला जाऊन आले. काय सांगू! खिडकीतून समुद्र दिसत होता, माझ्या हातात स्टिअरिंग, आणि "वायच थांब, डिझेल भरून येतो" म्हणणारा कोणी नाही. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, त्यातली वीस हे जहाजावर इंजिनात होते. मी ह्यांना कुठे घेऊन गेले असे आयुष्यात पहिल्यांदा झाले. देवाला सांगितले, गाडी पास कर, तुझ्या दारात पहिले पाहुणे आणते.

परत येताना आचऱ्याच्या पुलावर समोर पिवळा दिवा लागला. इंजिनाचे चित्र असलेला. मी दोन थापा मारल्या, गेला नाही. गाडी चालते तशीच झकास. मग हा कशाला लागला?

गुरुदासला फोन केला. म्हणतो, "नवीन काम आसा, बसात आपल्या आपण." बसात म्हणे! मी काय दही लावलेय?

हे: भात चांगला खाल्ला. दिवा लागला तेव्हा बोटाने दिवा दाखवला आणि मग बोट खाली, पायाकडे. पाय दुखतो असे वाटून घरी येऊन तेल चोळले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ओरोसला गेले. दिवा पेटलेलाच. पीयूसीवाल्याने मागे नळी घातली, धूर एकदम चांगला निघाला. मी खूश. पासिंगचा साहेब आला, ब्रेक बघितले, दिवे बघितले, टायरना लाथ मारली, सगळे ठीक. मग चावी फिरवली.

"हा इंजिनचा दिवा का लागलाय, बाई?"

"नवीन काम आहे साहेब, बसेल."

"बसल्यावर या."

"धूर चांगला आहे की! कागद बघा."

"धूर चांगला असेल, पण गाडी स्वतःच सांगतेय की तिला काहीतरी झालंय. ते काढून या. सतरा तारीख देतो."

भांडणार होते. पण माणूस खोटे बोलत नव्हता, आणि मागे रांग होती. सतरा! त्यानंतर दिवाळीची सुट्टी. म्हणजे आता एकच फेरी उरली.

हे: गाडीत बसून होते. काही नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

गुरुदासने कुडाळच्या गॅरेजमधून यंत्र मागून आणले. ते गाडीला लावले की गाडी बोलते. यंत्रावर आले, कन्व्हर्टरचे काम कमी पडते. मी कोल्हापूरला फोन लावला. तो म्हणतो, "ताई, आमच्या मालाची तक्रार नाही, तुमच्या फिटिंगचं बघा." मी म्हटले, "आमच्या फिटिंगला नावे ठेवू नकोस, आमचा माणूस बोटी जोडतो." त्याने फोन ठेवला. गुरुदास खाली बघत होता.

यंत्राने दिवा घालवला. गेला! आता परत लागायचे काही कारण नाही.

हे: सकाळी चहाची गाळणी आणि दोन चमचे घेऊन बसले. सगळे चटईवर मांडले. गाळणीतला चोथा चटईवर. मी ओरडले. मग हसायला आले, मोठा माणूस आणि भातुकली. मग हसायला आले नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस दिवा नाही. बाजारात गेले, कट्टा गावाला गेले, रश्मीकडे गेले. तिला म्हटले, बस, फिरवून आणते. बसली. म्हणाली, "काकी, तू धनेशपेक्षा बरी चालवतस. खड्डो बघून चालवतस."

"तो खड्ड्यातच चालवता. माझी कंबर इचार."

सृष्टीला पुण्याला फोन करून सांगितले. ही माझी मुलगी, बँकेत आहे, माझी आई असल्यासारखी बोलते. "आये, हळू चालव गो. आणि बाबांका पट्टो लाव." मी म्हटले, तुझा बाप पट्ट्याशिवाय बसतच नाही, पट्टा दिसेपर्यंत बा बा करतो.

मी गाणे म्हणत घरी आले. शेजारीण म्हणाली, बरे वाटते का गो तुला?

हे: परत गाळणी आणि चमचे. चहा सांडला. पुसून घेतला. स्वतःहून काय केले: हेच.

११ ऑक्टोबर, शनिवार

लागला. मेला दिवा परत लागला. चौके गावाच्या चढावर, भर दुपारी. मी गाडी बाजूला घेतली आणि गाडीला मनापासून शिव्या दिल्या. काजूच्या बागेतला एक माणूस उठून उभा राहिला, त्याला वाटले त्यालाच.

गुरुदास म्हणतो, दुसरा सेन्सर खराब असेल, नवीन घालूया. उद्या रविवार. परवा कुडाळहून आणणार.

आज ह्यांनी कहर केला. गाळणी चटईवर आडवी ठेवली. दोन चमचे तिच्या एका बाजूला. मग त्यातला एक उचलून गाळणीच्या दुसऱ्या बाजूला. मग माझे मनगट धरले, सोडेनात. परत दोन्ही एका बाजूला, परत एक पलीकडे. चार वेळा. माझा भात लागला चुलीवर. मी हात सोडवून घेतला आणि गाळणी फळीवर उंच ठेवली, हात पोचणार नाही अशी. चहा आता फडक्याने गाळते.

ह्यांच्या डोळ्यात पाणी आले. डॉक्टरने सांगितलेच होते, झटक्यानंतर माणूस उगाच रडतो. लिहून ठेवले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नवा सेन्सर घातला, जुन्याच्याच जागी. दिवा घालवला. उरले चार दिवस. मी ठरवलेय, या वेळी नाही लागणार. सारखे वाईट चिंतायचे नाही.

गाडी धुतली. आतली सीट शिकेकाईच्या पाण्याने पुसली, मासळीचा वास नको. मागच्या काचेवर रंगाने माझे नाव, ‘यशोदा’, लिहून घेणार होते. थांबले. पास झाल्यावर.

हे: गाळणी नाही म्हणून तांदूळ निवडायचे सूप ओढून घेतले. चमच्यांऐवजी दोन सुपाऱ्या. सूपही उचलून ठेवले. घरात काय काय वर ठेवू?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लागला.

धनेश आला होता, बघायलाच. "काकी, कित्याक जीव जाळतस? काळी पट्टी चिकटव दिव्यार. साहेब बघणारव नाय. आणि बघल्यान तर माजी गाडी आसाच."

त्याची शेवटची गोष्ट लागली मला. त्याची गाडी आहेच. त्या दिवशीही होती, कणकवलीला.

तरी पट्टी चिकटवली. खोटे कशाला लिहू? वायरमनच्या दुकानातून आणली, नखाएवढी कापली, दिव्यावर बसवली. लांबून दिसत नाही. जवळून बघितले तरच कळते. मी सीटवर बसून बराच वेळ बघितले. दिवा दिसत नव्हता आणि मला दिव्याशिवाय दुसरे काही दिसत नव्हते.

मग ह्यांना घेऊन गाडी फिरवून आणली. तारकर्लीच्या रस्त्यावर ह्यांनी पट्टा सोडला, माझ्या बाजूला वाकले आणि डाव्या हाताच्या नखाने पट्टी खरवडायला लागले. "पडशात! अहो, मी चालवतंय ना!" थांबले नाहीत. पट्टी काढली, चुरगळली आणि खिडकीतून फेकली. दिवा परत समोर, पिवळा धमक.

मी गाडी वळवून थेट घरी आणली. 

हे: स्वतःहून काय केले: वर लिहिले आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर लागले नाही तर लागले नाही!

आज व्यायामाची नम्रता येण्याचा दिवस. डॉक्टरने पाठवलेली मुलगी, ह्यांचा हात वाकवून घेते. तिने ही वही उघडली. मी म्हटले, पुढचे वाचू नको, गाडीचे आहे. तिने वाचले. मग म्हणाली, "मावशी, हे गाळणी आणि चमचे. तीनदा? आणि मग सूप?"

"होय. खुळावलेत."

"दरवेळी एकसारखंच मांडतात?"

"एकसारखंच. आधी दोन्ही चमचे गाळणीच्या एका बाजूला. मग एक उचलून पलीकडे."

"खुळा माणूस दरवेळी एकसारखं करत नाही," ती म्हणाली. "काका जहाजावर काय काम करायचे?"

"इंजिनात. तेल, नळ्या, दाब मोजायची घड्याळं. सुट्टीवर आले की डोके खायचे माझे. तेलाच्या फिल्टरला म्हणे दोन घड्याळे लागतात. फिल्टरच्या आधी एक आणि फिल्टरच्या नंतर एक. दोघांत फरक दिसला तरच कळते की आत गाळण काय होतेय. दोन्ही एकाच बाजूला लावलीस तर ती दोन्ही एकच सांगणार, मग दुसरे लावून काय उपयोग? असे सांगत बसायचे आणि मी इकडे भात..."



मी ह्यांच्याकडे बघितले. हे माझ्याकडे बघत होते. किती दिवसांपासून बघत होते कोण जाणे.

फळीवरून गाळणी काढली. चटईवर ठेवली. दोन चमचे एका बाजूला ठेवले आणि विचारले, "गुरुदासान असा केल्यान?" ह्यांनी मानेने हो म्हटले. मी एक चमचा उचलून गाळणीच्या पलीकडे ठेवला. "आणि व्हया असा?"

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आपटला नाही. ठेवला.

दोन्ही सेन्सर गाळायच्या आधीचाच धूर चाखत होते! दोघे कॉम्प्युटरला एकच सांगत होते, मग तो म्हणणारच की डबा काही गाळत नाही. धूर चांगला, डबा चांगला, सेन्सर चांगला, जागा खोटी! खुर्चीवर आपटत होते ते पहिल्याच दिवशी, आणि मी लघवीला उठवत होते. दिवा लागला तेव्हा बोट खाली दाखवले ते गाडीच्या पोटाकडे, आणि मी पायाला तेल चोळले.

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारीण कुंपणावरून विचारायला आली, कोण गेले?

"कोण नाय गेला!" मी म्हटले. "इलो!"

नम्रता रडत होती. या वयाच्या मुलींना रडायला काही लागत नाही. तिला लाडू दिला आणि घालवली, मला दांडीवर जायचे होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल गुरुदास समुद्रावर गेला होता कोणाची तरी बोट सुरू करायला. आज सकाळी सातला त्याच्या शेडसमोर हॉर्न धरून बसले. बाहेर आला, तोंडात ब्रश.

गाळणी आणि चमचे सोबत नेले होते. त्याच्या बाकावर मांडून दाखवले. आधी हसला. मग हसणे गेले. मग ब्रश काढला.

"चुकलंय, वयनी. बोटीच्या सवयीन केलंय. पाण्यापासून वाचवक गेलंय."

"तुझी अक्कल मीच वाखाणलेली, आता कोणाक सांगू?"

"कोणाक सांगू नको."

"सगळ्यांका सांगतलंय."

ह्यांना खुर्चीत बसवले. गुरुदासने डबा उतरवून ह्यांच्या पुढ्यात आणून ठेवला आणि हातात खडू दिला. मी बारा दिवसांत त्याला अदबीने वागताना पहिल्यांदा बघितले. "दादा, हयसर?" ह्यांनी मानेने नाही म्हटले. डब्याच्या मागे, नळीवर, वरच्या अंगाला फुली मारली. खालच्या अंगाला बोट लावून नको नको केले.

गुरुदासला लगेच कळले. "खाली ठेवलंय तर पाणी साचान सेन्सर बुडतलो. वर ठेवलंय तर पाणी खालसून जातला. दादा, तुमी पाण्याचोव इचार केलास!"

म्हणजे त्याची पाण्याची भीतीही खरी होती, उपाय चुकीचा होता. हे कोणालाही खोटे पाडत नाहीत, बोलत असतानाही पाडत नव्हते. मी पाडते.

पुढचे जास्तीचे भोक बुजवले. मागे नवीन भोक, नवीन कडे. वायरला तुकडा जोडून लांब केली, वर गाडीच्या पत्र्याच्या पन्हाळीत नेऊन बांधली, कुठे गरम नळीला चिकटू नये अशी. यंत्राने दिवा घालवला.

मग मी निघाले. ह्यांना घेऊन. गुरुदासही मागे बसला, म्हणाला, माका हयसर रवाक जमाचा नाय. कुडाळ, तिथून नेरूर, वालावल. लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी थांबून तिघांनी वडापाव खाल्ला. ह्यांनी दोन खाल्ले! परत येताना आचऱ्याकडून मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, त्याच पुलावरून गेले.  गुरुदास माझ्या खांद्यावरून वाकून समोर बघत होता, त्याचा श्वास माझ्या कानात.

दिवा नाही.

चौक्याचा चढ. दिवा नाही.

"वयनी, हळू, आता मारतलंस आमका," गुरुदास म्हणाला, तेव्हा मला कळले मी किती जोरात चालले होते.

हे: वडापाव दोन. स्वतःहून काय केले: सगळे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पास!!

साहेब तोच. चावी फिरवली. सगळे दिवे लागले, एकेक करून गेले, इंजिनाचा पिवळा पण लागला आणि गेला, जसा जायला हवा. साहेबाने परत एकदा चावी बंद करून फिरवली. परत गेला. माझ्याकडे बघितले.

"बसलं वाटतं काम."

"बसलं नाही साहेब. बसवलं."

"कोणी?"

मी पुढच्या सीटकडे बोट केले. ह्यांनी डावा हात कपाळाला लावून सलाम केला, जहाजावर कॅप्टनला करत असतील तसा. साहेबाने पण केला. कागदावर शिक्का मारला.

रश्मीला फोन केला. म्हणाली, "माका म्हायत होता काकी." खोटे बोलली, पण गोड बोलली. मग धनेशला मीच फोन केला. फक्त हॉर्न ऐकवला.

काचेवर नाव लिहून घेतले. लिहिणारा म्हणाला, ‘यशोदा’ ना? मी म्हटले, नाही. ‘सत्यवान’ लिही. धनेश म्हणेल, गाडी तुझी आणि नाव काकांचे. म्हणू दे.

१९ ऑक्टोबर, रविवार

पहिले पाहुणे आणले. कुडाळ स्टेशनवर नाशिकचे एक कुटुंब, पाच माणसे आणि अकरा बॅगा. माझ्याकडे बघून बाईने नवऱ्याकडे बघितले. मी म्हटले, "बसा, तुमच्या आधी मला पोचायचं आहे, भात टाकायचाय." हसली आणि बसली. नवऱ्याने विचारले, पुढे बसलेले काका कोण? मी म्हटले, "आमचे इंजिनिअर." पूर्ण रस्ताभर तो ह्यांना गाडीचे विचारत होता आणि हे डाव्या हाताने दाखवत होते. त्याला सगळे कळत होते. मला लागले पाच महिने.

उद्या पहाटे दिवाळी. कारीट आणून ठेवलेय. पायाखाली फोडतात तसे एक गाडीच्या चाकाखाली पण ठेवणार. कोणी हसले तर हसू दे. पाहुण्यांना पोह्यांना बोलावले आहे, पाच प्रकारचे करणार. कुणकेश्वरला परवा नेते त्यांना, देवाला शब्द दिलाय.

गाळणी परवापासून ह्यांच्या चटईजवळच ठेवली होती, चमच्यांसकट. परत काही सांगायचे असले तर असू दे म्हणून. मी चहा फडक्यानेच गाळत होते, बोटांना चटके बसायचे, पण माझे काही अडत नव्हते.

हे: गोळ्या दिल्या. भात, सोलकढी, बांगडा एक. स्वतःहून काय केले: मी गाडी पुसत होते तेव्हा एकटेच उठले, भिंत धरून स्वयंपाकघरात गेले आणि गाळणी चुलीजवळच्या तिच्या नेहमीच्या खिळ्याला परत अडकवून आले. मला हाक नाही मारली. पडले असते तर! खूप ओरडले मी. चहा तर कधीच झाला होता, आत्ता गाळणी कशाला तिथे नेली, कोण जाणे.